कुंडलिकेने आणलेला सिलिंडर

सिलिंडर फाटकातून आला. कुणी ढकलत आणला नाही, कुणी खांद्यावर घेऊन आला नाही. त्या दिवशी कुंडलिका नदीचं पाणी रोह्याजवळच्या आमच्या अष्टमी गावातल्या आळीत शिरलं होतं, आणि त्या पाण्याबरोबर हे लाल गृहस्थ उभ्या उभ्या, मान डोलवत, उघड्या फाटकातून आत आले. मी आणि माझी बायको शकू माळ्याच्या खिडकीत बसून आमची बादली, आमच्या चपला आणि माझी आरामखुर्ची एकामागून एक घर सोडून निघालेली बघत होतो. सगळं बाहेर जात असताना हा एकटा आत येत होता. त्याने तुळशीवृंदावनाला एक वळसा घातला, पायरीपाशी आला आणि दारावर ठक् ठक् केलं.

"अहो, बघा कोण आहे," शकू सवयीने म्हणाली.

मी थक्क होऊन बघत राहिलो. एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं, आणि नुसतं तरंगत नाही तर घर शोधत येतं, हे मला कुठल्याच मास्तरांनी शिकवलं नव्हतं. दोन्ही हात आपोआप जोडले गेले. भीतीने जोडले की भक्तीने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाणी ओसरलं. चिखल राहिला आणि तो राहिला. आमचे स्वतःचे सिलिंडर स्वयंपाकघरात साखळीने बांधलेले जागच्या जागी होते, म्हणजे हा आमचा नव्हता. मला त्याची फारशी काळजी वाटली नाही. माझी सगळी नोकरी पोस्टात गेली. आळीत मला अजून मास्तर म्हणतात ते पोस्टमास्तर या अर्थाने. अर्धा पत्ता, भिजलेला पत्ता, नुसतंच "रोह्याच्या आत्याला" असं लिहिलेलं पाकीट, काहीही येवो, मी ते ज्याचं त्याच्या हातात दिलेलं आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर बऱ्याच दिवसांनी टपाल आलं, एवढंच मला वाटलं. वस्तू जरा जड होती, इतकंच.

पण टपालाला वास नसतो.

पहिलं नाक कुंपणावरून आलं ते शेजारच्या बायजाबाईंचं. "शकू गो, वास मारतो ह्यो. मला सकालपासून मलमलतंय."

दुसरं नाक खलीलभाईंचं. खलीलभाई कुवेतला बरीच वर्षं काढून आलेले. तिथे ते एका कंपनीच्या कँटीनचं कोठार सांभाळत होते, पण आखातातल्या यच्चयावत वायूंशी आपली घरगुती ओळख असल्यासारखे बोलतात. त्यांनी सिलिंडरभोवती फेरी मारली, बोटाच्या पेरांनी त्याला वाजवून बघितलं, कान लावला आणि डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर येतात तसा चेहरा केला.

"भरलेला हाय, मास्तर. अर्ध्याच्या वर. आन् वॉल्व थोडा नाराज हाय."

"नाराज म्हणजे?"

"कुवेतला असाच एक नाराज झालेला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सगले रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राह्यलो," खलीलभाई म्हणाले, आणि तो प्रसंग आठवून ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

मीही वास घेऊन पाहिला. पुरानंतर गावाला इतके वास येत असतात की त्यात एखादा गॅसचा असला तर तो ओळखायचा कसा? चिखल, ओल्या गाद्या, कुजलेलं भात. शिवाय डिंक आणि लाख हुंगून हुंगून माझं नाक माझ्याआधीच निवृत्त झालेलं. मी म्हणालो, मला काही येत नाही. त्यावर आळीतल्या सगळ्या नाकांनी माझ्याकडे इतक्या कीवेने पाहिलं की मी मान खाली घातली.

शकूने मात्र निर्णय घेतला. "जोवर तो दारात आहे, तोवर या घरात काडी ओढायची नाही. गॅस नाही, चूल नाही, उदबत्ती नाही, समईसुद्धा नाही." शकूचे निर्णय छापून आल्यासारखे असतात. त्यात दुरुस्ती होत नाही.

खलीलभाईंच्या घरून अजराभाभींचा डबा येऊ लागला. आमचा श्रावण म्हणून त्या आमच्यासाठी वेगळं वरण, वेगळी भाजी करत. भातात कढीपत्ता सोडून कसला संशय येऊ देत नसत. मी तृप्त होतो. शकू नव्हती. शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, आणि घरात शिजत काहीच नाही, मग डब्यात घालायचं काय? ती मागच्या वेलावरची काकडी घालून डबा परत करायची. काकड्या संपल्या तेव्हा तिने कढीपत्त्याच्या डहाळ्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी तोच कढीपत्ता फोडणीतून आमच्याकडे परत आला.

हेही चाललं असतं. पण गणपती जवळ आले होते. माझ्या आजोबांपासून आमचा गणपती याच घरात, याच कोनाड्यापुढे बसतो. पनवेलहून माझ्या धाकट्या भावाचा, शिवाचा, फोन आला. बिचारा अगदी प्रेमाने बोलला. "दादा, घरात दिवा लावता येत नसेल तर देव कसा बसवणार? या वर्षी माझ्याकडं बसवू. फ्लॅटात हॉल मोठा आहे. लिफ्टही आहे."

मी फोन ठेवला. शकू खांबाला टेकून बसली होती. "एकदा पनवेलला गेलेला देव अष्टमीला परत येत नाही," ती म्हणाली. पुरात तिची उभी फडताळं वाहून गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आत्ता आलं. नवी नवरी म्हणून आली त्या वर्षापासून तिने या घरातल्या गणपतीला मोदक केलेत. मला फार वाईट वाटलं, आणि त्या सिलिंडरचा पहिल्यांदाच राग आला.

मग मी त्याला परत करायला निघालो.

परत करणं म्हणजे काय हे ज्याने केलं नाही त्याला कळायचं नाही. नुकसानीच्या पंचनाम्याला साहेब आले होते, त्यांना आधी गाठलं. "काय काय गेलं ते सांगा," ते म्हणाले. मी म्हणालो, गेलं ते गेलं, हे आलंय. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. पुरात काय गेलं याचा पंचनामा होतो, काय आलं याचा होत नाही. चौकीत विचारलं, "चोरीचा आहे का?" मी म्हणालो, वाहत आलाय. "मग चोरीचा असूही शकतो. सांभाळून ठेवा. हात लावू नका." गावातल्या गॅसवाल्याचा माणूस मात्र आला. भला माणूस. त्याने सिलिंडर पुसला, वरची अक्षरं वाचली, तोंडावर टोपण घट्ट बसवलं आणि म्हणाला, "आत्ता गळत नाय. पण ह्यो आमच्या कंपनीचा नाय. ह्या कंपनीचा माणूस पेणला. तिकडं जमा करा."

"तुम्हीच नेता का?"

"आमी कसा नेणार? आमचा नाय ना."

आत्ता गळत नाही, एवढं शकूला पुरेसं नव्हतं; तो दारातून जाईपर्यंत काडी नाही म्हणजे नाही. रेल्वेने तो चालत नाही, एस.टी.त तो चालत नाही. जो तरंगत माझ्या दारापर्यंत येऊ शकतो त्याला पेणला जायला वाहन मिळू नये, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटे.

शेवटी पोपट टेंपोवाला धावून आला. पोपटचा टेंपो त्या दिवसांत पेणच्या कारखान्यांतून गणपती भरून रोह्याला आणतो आणि रिकामा परत जातो. "मास्तर, जाताना नुसता पेंढाच असतो मागं," तो म्हणाला. "घालू त्याला त्याच्यात. पण झाकून न्यायचा. उघडा नेला तं नाक्यानाक्याला शिटी."

पोपटने सिलिंडर गणपतीच्या पाटावर उभा केला, चारी बाजूंनी पेंढा लावला, दोरीने आवळला. झाकायला घरात कोरडं असं एकच वस्त्र उरलं होतं, माळ्यावरच्या पेटीतलं माझं केशरी रेशमी उपरणं. शकूने ते काढून दिलं. पाऊस भुरभुरत होता, छत्री पुरात गेलेली, म्हणून बायजाबाईंनी मला त्यांच्या मालकांची पांढरी टोपी दिली. खलीलभाई जाणकार म्हणून बरोबर निघाले. मी पाटाच्या एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला, दोघांचे हात त्याच्या खांद्यावर. पोपटने विडी न पेटवता नुसती ओठांत धरली आणि आम्ही निघालो. आपण कसे दिसतो आहोत हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

भिसे खिंडीपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघं त्याला कवटाळत होतो. इतक्या वेळा मी शिवालाही मिठी मारलेली नाही. नागोठण्यात वाहनांची रांग लागली होती. शेजारच्या स्कूटरवरच्या म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले. मला वाटलं, पोस्टातली ओळख असेल. मीही हात जोडले. मग फळवाल्या बाया उठल्या.

"गो सीताबाय, बाप्पा चाललं बग!"

"तोंड झाकलंय. वाकून बगू नको. घरी जाईपरीत बगत नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेणचा टेंपो, पाट, पेंढा, रेशमी उपरणं, शेजारी टोपीवाला मनुष्य. आमच्याकडे मूर्ती घरी पोचेपर्यंत तिचं तोंड झाकलेलं असतं, आणि उपरण्याखाली सिलिंडरचं वरचं कडं थेट मुकुटासारखं दिसत होतं. मी तोंड उघडलं. पण सीताबाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचे ओठ पुटपुटत होते. डोळे मिटून काहीतरी मागत असलेल्या बाईला आत काय आहे हे सांगायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नाही. त्यांनी जास्वंद वाहिली, कुणी दुर्वा ठेवल्या, कुणी नारळ दिला. खलीलभाईंनी तो अदबीने दोन्ही हातांत घेतला. नाक्यावरच्या पोलिसाने टोपी काढून नमस्कार केला आणि शिटी वाजवून आमच्यासाठी रस्ता मोकळा केला. ज्याच्या भीतीने झाकलं होतं तोच पुढे होऊन वाट दाखवत होता.

एकाच आजोबांना शंका आली. "पन पेनला कुटं निघालाव? गनपती पेनसून येतात. पेनला कंदी जातात?"

रायगड जिल्ह्यात या प्रश्नाला उत्तर नाही.

"बोट दुखावलंय," खलीलभाई शांतपणे म्हणाले. "दुरुस्तीला."

"अरेरे!" सगळा नाका हळहळला. "जपून न्या, बाबा."

पेणमध्ये शिरलो तर दोन्ही बाजूंना कारखाने, आणि कारखान्यांत ओळीने पांढरेशुभ्र, अजून रंग न लागलेले गणपती. त्या एवढ्या देवांच्या मधून आमचा हा झाकलेला मुकाट चालला होता. मला खरं सांगायचं तर त्याच्याविषयी थोडा आदर वाटायला लागला होता. गॅस एजन्सी त्याच आळीत, मालक दाजीशेट यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. पोपटला मूर्ती भरायच्या होत्या. त्याने पाट उचलून दाजीशेटच्या उंबऱ्यापुढे ठेवला आणि तो गेला.

आत काउंटरला अनीसा नावाची हसतमुख मुलगी होती.

"पुस्तक?"

"पुस्तक नाही."

"मग नाव कुणाचं?"

"माहीत नाही. माझं नाही."

ती विचारात पडली. "काका, जो तुमचा नाय तो तुम्ही परत कसा करता?"

इतका खोल प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तेवढ्यात दाजीशेट बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "मास्तर, ज्यानं घेतला त्यानंच परत द्यायचा, असा नियम हाय. बेवारशी घेतला तं उद्या मीच अडकतो. तुमी रोह्याला परत न्या."

"पोस्टात बेवारशी पत्रालासुद्धा जागा असते," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा.

"ह्ये पोष्ट नाय."

माझ्या पांढऱ्या टोपीखाली जो काही मान शिल्लक होता तो गेला. शकू उंबऱ्यात उभी असेल, शिवा पनवेलला हॉल रिकामा करत असेल, आणि मी हे ओझं घेऊन परत त्याच खड्ड्यांतून. मी बाहेर आलो. पाटापाशी गेलो आणि खाली वाकलो. तेवढ्यात माझ्या पायांवर पाणी पडलं.

वर पाहिलं तर दाजीशेटची म्हातारी आई, गोदूबाई. दारात गणपती आलाय असं कुणीतरी आत सांगितलं होतं. त्यांनी माझे पाय धुतले, पाटाच्या पायाशी दूध-पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. "कुनाचा गो ह्यो? आपल्या दारात थांबला, आपलं नशीब." मी "आजी, आजी" करतोय तोवर समोरच्या कारखान्यांतली माणसं मातीच्या हातांनी बाहेर येऊन उभी राहिली, कुणीतरी टाळ आणले, आणि गोदूबाईंच्या हातात तबक आलं. तबकात निरांजन. पेटलेलं.

त्याच क्षणी माझ्या निवृत्त नाकाला तो वास आला. स्पष्ट. आणि उपरण्याखालून बारीक, दमल्यासारखा, फुस्स असा आवाज. खड्ड्यांनी टोपण हललं होतं. खलीलभाईंनाही आला असावा, कारण ते रस्त्याच्या पलीकडे बघू लागले होते.

गोदूबाईंनी तबक उचललं. सगळ्यांनी आरतीचा सूर लावला. मी ओरडलो, पण टाळांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. ज्योत पुढे येत होती. मग मी पुढे झालो, दोन्ही गाल फुगवले आणि देवाच्या आरतीतलं निरांजन फुंकर मारून विझवलं.

टाळ थांबले. दिवा तोंडाने विझवायचा नसतो हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. पेणमध्ये, गणपतीच्या दिवसांत, म्हाताऱ्या बाईच्या हातातलं निरांजन फुंकणारा माणूस या आळीने तोवर पाहिलेला नसावा. गोदूबाईंचा हात हवेत तसाच राहिला. एक कारागीर बाह्या मागे सारत पुढे आला.

"मागं व्हा!" खलीलभाई ओरडले आणि त्यांनी उपरणं ओढलं. जास्वंदी खाली पडल्या. पाटावर लाल सिलिंडर उभा होता.

दाजीशेट धावत साबणाचं पाणी घेऊन आले. टोपणाच्या कडेने बुडबुडे उठले, फुगले, फुटले, पुन्हा उठले. सगळी आळी त्या बुडबुड्यांकडे बघत एकेक पाऊल मागे गेली. मी ओल्या पायरीवरच बसलो. दाजीशेटनी गडबडीने नवं टोपण बसवलं, बुडबुडे थांबले, तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

"ह्याला ओवालत होते मी?" गोदूबाई म्हणाल्या.

"आये, बरं झालं मास्तरांनी..." दाजीशेट म्हणाले. "आता त्यांना म्हनतो, गाडी करून परत..."

"परत?" म्हातारीने मान वळवली. "उंबऱ्यावर आला. मी पाय धुतलं, तुकडा ओवालला. दारात आलेला परत धाडतात, दाजी?"

"आये, द्येव नाय तो. सिलिंडर हाय."

"असंल. उंबऱ्यावर आला ना?"

दाजीशेटनी माझ्याकडे पाहिलं, सिलिंडरकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. नियम मोठा की उंबरा मोठा, हे त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्या आळीने वाचलं. "अनीसा," ते म्हणाले, "जमा लिव. आन् गोदामाला सांग, हा उघड्यावर वेगला ठेवून रिकामा करायचा." कुठलाच साहेब जे करू शकला नव्हता ते एका भाकरीच्या तुकड्याने केलं. मी गोदूबाईंच्या पाया पडलो. मनापासून पडलो.

त्यांनी माझ्या टोपीवर हात ठेवला. "जीव वाचवलेस रे आमचे. पन दिवा तोंडानं इजवलास. घरी जा आन् तुज्या देवापुडं तुज्या हातानं लाव. मंग फिटंल."

परतीच्या टेंपोत खलीलभाई एकदाच म्हणाले, "कुवेतला असं काय नव्हतं, मास्तर."

चतुर्थीला आमचा गणपती आमच्याच कोनाड्यापुढे बसला. शिवा पनवेलहून बायको-मुलांना घेऊन आला. बायजाबाई दारात, खलीलभाई आणि अजराभाभी अंगणात. शकूने समईत तेल घातलं, वाती लावल्या आणि काड्यापेटी माझ्या हातात दिली. पेणची गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती, हे सांगायला नकोच.

मला काडी ओढवेना. घरात कुठे काही नाही हे माहीत होतं, सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, तरी माझं नाक वास शोधत होतं. शकू जवळ आली, तिने माझं मनगट धरलं. मी काडी ओढली. ती पेटली. मी ती वातीला लावली आणि डोळे मिटले.

काही झालं नाही.

डोळे उघडले तर समई लागली होती. एवढीशी ज्योत सरळ उभी होती आणि घर जागच्या जागी होतं. रोज संध्याकाळी या गावात घरोघर लोक काडी ओढतात आणि काही होत नाही, याच्याइतका मोठा चमत्कार मी कुठे पाहिलेला नाही. माझे डोळे भरून आले. शिवा माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "दादा, देव इथंच बरा दिसतो. आमच्या हॉलमध्ये एवढा दिसला नसता."

शकूने ते ऐकलं. ती पदर खोचून आत गेली, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून मोदकपात्राखालचा गॅस पेटल्याचा आवाज आला.